पत्रानं पाणी ओसरत नाही, तरी पत्र कशासाठी? अकोट्याच्या वाचकांना उत्तर

मागच्या लेखात मी बडोद्याच्या वाचकांना विनंती केली होती की, कारखान्याला किंवा प्रकल्पाला पर्यावरणाची परवानगी काम सुरू होण्याआधीच घ्यावी लागेल, हे संसदेनं मूळ कायद्यातच लिहावं, यासाठी आपल्या खासदारांना पत्र लिहा. त्यावर बडोद्यातल्याच अकोटा भागातल्या एका वाचकांनी लिहिलं आहे: "माझ्या घरात चार फूट पाणी होतं तेव्हा तुमचे कायदे कुठे होते? या कायद्यांमुळेच नदीचं काम अडून राहिलं. मगरींची काळजी करणाऱ्यांना माणसांची नाही. आणि खासदार मत देतो पक्षाच्या व्हिपवर, तुमच्या पत्रावर नाही. लाखो हरकती गेल्या तरी विधेयकं तशीच पास झाली. लोकांचा वेळ फुकट घालवू नका."

दादा, चार ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी पाण्याबद्दल. ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यातून वाहणारी विश्वामित्री नदी धोक्याची २५ फुटांची खूण ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली, तेव्हा दांडिया बाजारातल्या आमच्या घराची पायरीसुद्धा भिजली नव्हती. माझी आत्या मात्र मुजमहुड्याला राहते. तिनं दोन रात्री वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे काढल्या. पाणी उतरल्यावर मी तिच्याकडे गेलो तर पिठाच्या डब्यापासून काकांच्या फोटोपर्यंत सगळ्यावर तोच काळा चिखल. त्या वासात उभं राहून कुणी मला कलमं आणि अधिसूचना ऐकवल्या असत्या तर मीही चिडलो असतो. तुमचा राग मला परका नाही.

पण कायद्यांमुळे नदीचं काम अडलं, हे पटत नाही. २०१६ साली बडोद्याच्याच काही नागरिकांनी विश्वामित्रीसाठी राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, दाद मागितली. मे २०२१ मध्ये लवादानं नदीसाठी कृती आराखडा करायला आणि पूरक्षेत्र आखून ते राखायला सांगितलं. दादा, हे मगरींचं काम आहे का? पावागडावरून येणारं पाणी शहरात शिरतं तेव्हा ते पसरायला जागा लागते, आणि ती जागा म्हणजे काठाची कोतरं, घळया. आमच्या लहानपणी समा आणि वडसरकडे ती कोतरं खोल होती, आत उतरायला भीती वाटायची. आज कित्येक ठिकाणी बांधकामाचा राडारोडा टाकून ती सपाट केलेली दिसतात. कोतरात मावायचं ते पाणी मग तुमच्या दिवाणखान्यात आलं. मगर त्याच काठाला राहते म्हणून तिचं नाव पुढे येतं, एवढंच. गाळ काढण्याचं म्हणाल तर २०२५च्या उन्हाळ्यात शहरातलं सुमारे २४ किलोमीटरचं पात्र खोदून रुंद केलंच की. कायदे तेव्हाही हेच होते.

आता तुमचा खरा मुद्दा, की लिहून काही होत नाही. इथे मला जरा मागे जावं लागेल.

मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारनं पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासण्याच्या, नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला. जनसुनावणीत हरकत नोंदवायला आधी निदान ३० दिवस मिळत, त्यात ते २० करायचे होते. परवानगी न घेता काम सुरू केलेल्यांना मागाहून परवानगी मिळवण्याची वाट होती. आणि कुणी नियम मोडला तर ते सरकारनं किंवा मोडणाऱ्यानं स्वतः सांगायचं, गावातल्या माणसाच्या तक्रारीला त्यात जागा नव्हती. देश टाळेबंदीत होता आणि मसुदा फक्त इंग्रजी आणि हिंदीत. आम्ही पाच-सहा जण रोज रात्री फोनवर बसून त्याचा गुजराती गोषवारा करत होतो. 'वांधा अरजी', म्हणजे हरकतीचा अर्ज, कशी लिहायची ते नंदेसरीजवळच्या गावांतल्या ओळखीच्यांना सांगत होतो, कारण औद्योगिक वसाहतीला लागून राहणाऱ्यांना जनसुनावणीचे दहा दिवस कमी होणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. ३० जूनला दिल्ली उच्च न्यायालयानं हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत द्या असं सांगितलं. सरकार त्या भाषांतराविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. तोवर देशभरातून लाखो हरकती जाऊन पोचल्या होत्या. तो मसुदा आजतागायत अंतिम झालेला नाही.

मात्र गोष्ट तिथे संपली नाही, आणि इथे तुमचं म्हणणं अर्धं खरं ठरतं. मागाहून परवानगीची जी वाट त्या मसुद्यात होती, ती जुलै २०२१ मध्ये मंत्रालयाच्या एका कार्यालयीन ज्ञापनानं आली. ज्ञापनाला हरकतींची मुदत नसते, ते निघालं की लागू. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ज्ञापन आणि २०१७ची तशीच अधिसूचना रद्द केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं दोन विरुद्ध एक अशा बहुमतानं तो निकाल मागे घेतला. जिथे लोकांना विचारावं लागलं तिथे ते थांबलं आणि जिथे विचारावं लागलं नाही तिथे ते मागच्या दारानं आलं, असं मी या सगळ्यातून समजतो. म्हणून तर खासदारांकडे जायचं. पूर्वपरवानगीची आणि जनसुनावणीची अट १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात नाही, त्या कायद्याखालच्या अधिसूचनेत आहे. अधिसूचना मंत्रालय बदलू शकतं. कायदा बदलायला संसदेत उभं राहावं लागतं, सगळ्यांसमोर. ती अट तिथे लिहिली जावी एवढंच माझं मागणं आहे.

परवानगी आधी की मागाहून, हा कुणाला कागदी वाद वाटेल. गुजरातेत राहणाऱ्याला तो तसा वाटू नये. गुजरातमधले तीन कारखाने परवानगीशिवाय कित्येक वर्षं चालले होते. १ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं मागाहून परवानगी देणारं २००२चं परिपत्रक अवैध ठरवलं आणि तिघांना प्रत्येकी १० कोटी रुपये भरायला सांगितले. ते प्रकरण सुरू झालं गुजरातच्याच नागरिकांच्या अर्जानं. कारखाना उभा राहून भूजल बिघडल्यावर जनसुनावणी घेतली तर गावानं तिथे काय सांगायचं? कूपनलिकेचं पाणी मागाहून दिलेल्या परवानगीनं परत पिण्याजोगं होत नाही.

व्हिपचं तुम्ही बरोबर सांगितलंत. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षानं व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं त्याचा आदेश, काढला की खासदार विरोधात मत देऊ शकत नाही, दिलं तर खासदारकी जाऊ शकते. पण व्हिप मतदानाला बांधतो, प्रश्नाला नाही. खासदार लेखी प्रश्न विचारू शकतो, मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर कायमचं नोंदीत राहतं. शून्य प्रहरात विषय काढता येतो. समितीवर असेल तर भिन्नमत नोंदवता येतं. २०२३च्या वन संरक्षण दुरुस्ती विधेयकाबद्दल संयुक्त समितीनं एकही बदल सुचवला नाही, हे दुःखानं मान्य करतो. पण त्याच अहवालात काही सदस्यांची भिन्नमतं छापलेली आहेत. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयानं अंतरिम आदेश देऊन 'जंगल' शब्दाचा १९९६च्या निकालातला व्यापक अर्थच तूर्त कायम ठेवला. विधेयक पास झालं म्हणजे सगळं संपलं असं नसतं.

२०२३ सालीच जनविश्वास कायद्यानं पर्यावरण संरक्षण कायद्यातली पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा काढून तिथे १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड ठेवला. तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी कुणाला विचारलं? मीही विचारलं नाही. ती चूक मला अजून खुपते, आणि मागचा लेख त्यातूनच आला.

तुमच्या प्रतिक्रियेमुळे माझी आणखी एक चूक लक्षात आली. खासदार आणि धारासभ्य (आमदार) दोघांनाही एकच मजकूर पाठवा असं मी लिहिलं होतं. ते चुकीचं होतं. पर्यावरण संरक्षण कायदा केंद्राचा, तिथे खासदारच हवेत. पण कोतरावर टी.पी. स्कीमचा (नगररचना योजनेचा) रस्ता कसा आखला जातो, हे गुजरातच्या १९७६च्या नगररचना कायद्यातलं आहे. तो प्रश्न धारासभ्यांना विचारायचा. तुमच्या घरातल्या पाण्याशी जवळचा संबंध याच दुसऱ्या पत्राचा आहे, आणि ते मी नीट मांडलं नव्हतं.

उत्तर न आलेली पत्रं मीही पाठवली आहेत. एका लोकप्रतिनिधींच्या कार्यालयात तीनदा गेलो, तिन्ही वेळा 'साहेब बाहेरगावी आहेत' एवढंच कळलं. चौथ्यांदा पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक मागून घेतला. मग महिन्याभरानं तो क्रमांक लिहून पुन्हा विचारलं, तेव्हा पहिल्यांदा लेखी उत्तर आलं. दोन ओळींचंच होतं, 'विषय संबंधित विभागाकडे पाठवला आहे'. पण त्यानंतर तो विभाग कोणता, तिथे पत्र कधी पोचलं, हे माहितीच्या अधिकारात विचारता आलं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की पोच घेतल्याशिवाय पत्र देऊ नका, छापील मजकुरावर नुसती सही करू नका, आणि एका पत्रात एकच प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर हो किंवा नाही असं द्यावं लागेल. स्वतःच्या गल्लीबद्दल लिहा. गुजरातीत लिहा, म्हणजे कार्यालयातला कारकूनही ते वाचेल.

माझ्या पत्रात मी कलमं लिहू शकतो. माझी पायरी कोरडी होती, त्यामुळे चार फूट पाणी मी लिहू शकत नाही. ते तुम्हीच लिहू शकता, आणि तुमचं पत्र माझ्यापेक्षा जड असेल. येत्या रविवारी सकाळी दहाला आत्याच्या घरी मुजमहुड्याला आम्ही धारासभ्यांसाठीची पत्रं लिहायला बसतोय. पटलं नाही तरी या, समोर बसून भांडू. आणि भिंतीला अजून नवा रंग दिला नसेल, तर पाण्याच्या खुणेजवळ मोजपट्टी धरून एक फोटो काढून ठेवा.