होडी लांब का उभी केली: दोन तारे देणाऱ्या ताईंना उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही तिघं पुण्याहून आमच्याकडे मालवणला स्नॉर्कलिंगसाठी आलात आणि नाराज होऊन गेलात. पाणी गढूळ होतं, होडी लांब उभी केल्यामुळे पोहत जावं लागलं, आमचा मुलगा तुमच्यावर ओरडला, मुलीच्या हातातला तारामासा काढून घेतला, माशांना बिस्किटं घालू दिली नाहीत आणि एवढं करून पैसे इतरांपेक्षा जास्त घेतले, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडे येऊ पाहणारी इतर माणसंही हे वाचतील, म्हणून उत्तर इथेच सगळ्यांसमोर देतो.

आधी आमची चूक. आदल्या दोन दिवसांत वाऱ्याने पाणी ढवळलं होतं. त्या दिवशी सकाळी सातला मी स्वतः किल्ल्याच्या बाजूला बुडी मारून आलो होतो, हातभर लांबचंही धड दिसत नव्हतं. तेव्हाच तुम्हाला फोन करून ‘आज नको’ म्हणायला हवं होतं. दुपारच्या भरतीला पाणी निवळेल या आशेवर मी गप्प बसलो, तुम्हाला पाऊण तास किनाऱ्यावर ताटकळत ठेवलं आणि शेवटी गढूळ पाण्यातच नेलं. सुट्टीचे मोजके दिवस काढून माणसं एवढ्या लांब येतात, हे मला कळायला हवं होतं. अर्धे पैसे आज परत पाठवलेत.

ओरडण्याबद्दलही माफी मागतो. आमचा मुलगा ‘हात लावू नको गो!’ असं ओरडला. मालवणीत आम्ही बहिणीला, वहिनीला, शेजारणीला असंच बोलतो, त्यात अपमान नसतो. पण समोरची बाई पुण्याहून आलेली, पहिल्यांदा भेटलेली. तिला ते एकेरी बोलणं लागणारच. त्याला समजावलंय. प्रवाळाला (कोरलला) हात लावू द्यायचा नाही, हे मात्र मीच शिकवलंय आणि पुढेही तेच शिकवणार.

आता होडीचं. तुम्ही लिहिलंय की बाकीच्या होड्या अगदी प्रवाळाच्या डोक्यावर उभ्या होत्या आणि आम्ही तुम्हाला पन्नास मीटर पोहायला लावलं. खरं आहे. सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर उभा आहे, त्याच्या आजूबाजूच्या खडकांवर प्रवाळ आहेत. आम्ही नांगर टाकतो तो अलीकडच्या वाळूच्या पट्ट्यात, आणि तिथून माणसांना तरंगत्या रिंगला धरून नेतो.

मी रापणकराच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराच्या घरातला. होडी, जाळं, नांगर लहानपणापासून हातात. पर्यटकांना न्यायला लागलो त्या सुरुवातीच्या वर्षांत मीही खडकावरच नांगर टाकायचो. खाली दगड आहे, दगडाला काय होणार, असंच वाटायचं. एका डिसेंबरात नांगर अडकला म्हणून सोडवायला खाली गेलो. गुडघ्याएवढा एक गोल प्रवाळ नांगराच्या दाताने कडेला फुटला होता आणि फुटलेल्या जागी तो नुकत्या फोडलेल्या नारळासारखा पांढराशुभ्र दिसत होता. शेजारी त्याचा वाटीएवढा तुकडा वाळूत उताणा पडलेला. महिन्याभराने पाहिलं तर त्या पांढऱ्यावर शेवाळ चढलं होतं. असे गोल प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे तो माझ्याहून वयाने मोठा होता. दर मोसमात पहिल्या फेरीला मी त्याच्याकडे जातो. ती खाच अजून भरलेली नाही.

तेव्हापासून आमचा नांगर वाळूत.

मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, २९ चौरस किलोमीटरच्या आसपासचं. तेव्हा आमच्या माणसांनी त्याला कडाडून विरोध केला होता, कारण मासेमारीच बंद होईल ही भीती होती. अभयारण्य म्हटलं की आजही घरातल्या मोठ्या माणसांच्या कपाळावर आठी येते, आणि मी त्यांना दोष देत नाही. ज्याचं पोट समुद्रावर आहे त्याला आधी विश्वासात घ्यायला हवं. पण खडकावरचा प्रवाळ मेला तर तिथे आसरा घेणारी माशांची पिल्लंही जाणार, हे जाळं टाकणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी हौशी डायव्हिंगमुळे मालवणच्या प्रवाळांना होणाऱ्या इजेवर २०२० साली निबंध प्रसिद्ध केला. आपल्याच धंद्याबद्दलचं ते वाचून वाईट वाटलं, पण खोटं आहे असं म्हणता आलं नाही. जुलै २०२५ मध्ये सिंधुदुर्ग किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्याचा मला अभिमान आहे. आता माणसं आणखी येतील, आणि किल्ल्याच्या तटाइतकंच त्याच्या पायाशी पाण्यात जे जिवंत आहे तेही जपावं लागेल.

हात लावू नका म्हणण्यामागे कायदाही आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या ज्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे, तिच्यातच हे प्रवाळ आहेत. तोडायचा आपला विचार नसला तरी पाय टेकला, पायात घातलेली फिन घासली, की त्यांची वरची नाजूक कातडी सोलली जाते.

तारामासा पाण्यातूनच श्वास घेतो. मुलीच्या तळहातावर तो छान दिसत होता, पण फोटो मनासारखा येईपर्यंत त्याला पाण्याबाहेर धरणं म्हणजे त्याचा जीव गुदमरवणं. ती रडली, ते मलाही बरं वाटलं नाही. बिस्किटांचंही तेच. खडकावरचं शेवाळ मासे खातात, म्हणून प्रवाळाला जागा आणि उजेड मिळतो. बिस्किटाला चटावलेला मासा शेवाळ सोडून होडीमागे फिरतो. व्हिडिओत ते सुंदर दिसतं, हे कबूल.

सनस्क्रीन पुसायला लावून लांब बाह्यांचा टीशर्ट दिला, तो त्यातल्या ऑक्सिबेन्झोन नावाच्या रसायनामुळे. प्रवाळांना अपाय होतो म्हणून अमेरिकेतल्या हवाई बेटांवर २०२१ पासून अशा सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी आहे.

राहिले पैसे. आमच्या होडीत सहाच पाहुणे आणि त्यांच्यासोबत पाण्यात दोन माणसं. बारा जणांना एक माणूस दिला तर दर निम्मा करता येईल, पण मग कोणाचा पाय कुठे पडतोय हे बघणार कोण? शिवाय मोसमात महिन्यातून एक दिवस आम्ही धंदा बंद ठेवून तळातली तुटकी जाळी काढायला जातो. नायलॉनचं जाळं प्रवाळात गुंतलेलं असतं. ओढलं तर प्रवाळासकट येतं, म्हणून सुरीने जाळ्याची एकेक आस, म्हणजे एकेक डोळा, कापून सोडवावं लागतं. मागच्या खेपेला पलंगपोसाएवढं जाळं काढायला तिघांचा अख्खा दिवस गेला. त्यात दोन खेकडे जिवंत सापडले, ते सोडले. त्या दिवसाची मजुरी तुमच्या पैशांतून जाते. ही गोष्ट मी होडीत बसण्याआधी पाहुण्यांना सांगत नाही. यापुढे सांगेन, म्हणजे दर ऐकून कोणाला फसवल्यासारखं वाटणार नाही.

परतताना तुमच्या मुलीने मला विचारलं होतं, ‘काका, ते दगड आहेत की झाडं?’ इंजिनाच्या आवाजात धड सांगता आलं नाही. तिला सांगा, दोन्ही नाहीत, ते प्राणी आहेत. तिने पाहिलेल्या त्या गोल प्रवाळावर मोहरीच्या दाण्याएवढे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ असतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं त्यांना देतं. म्हणून पाणी गढूळ झालं की आपल्याला दिसत नाही, आणि त्यांना पोटभर मिळत नाही.

डिसेंबर-जानेवारीत पाणी बहुतेक वेळा निवळ असतं. तेव्हा जमत असेल तर या, तिच्या फेरीचे पैसे घेणार नाही. निघायच्या दिवशी सकाळी बुडी मारून आलो की लगेच फोन करीन, आणि दिसत नसेल तर नको म्हणून सांगेन.