अनुदानात मानधनाला जागा हवी

गोव्यातील डिचोली, सत्तरी आणि सांगे या तालुक्यांतील लहान सामाजिक संस्थांचे हिशेब लावून देण्याचे आणि अनुदानासाठी त्यांचे प्रस्ताव लिहिण्याचे काम मी अनेक वर्षे करते आहे. वाचनालये, महिला मंडळे, मुलांसाठी संध्याकाळचे अभ्यासवर्ग चालवणारी मंडळे, ज्येष्ठांच्या घरी जाऊन त्यांची विचारपूस करणारे गट अशा संस्थांचे कागद माझ्या नजरेखालून जातात. या कामातून माझे एक मत पक्के झाले आहे. अनुदान देणारी फाउंडेशन आणि कंपन्यांचे न्यास वस्तूंसाठी जितक्या सहजपणे पैसे देतात, तितक्या सहजपणे त्या वस्तूंच्या आधाराने काम करणाऱ्या माणसासाठी देत नाहीत आणि त्यामुळे वस्तूंवर खर्च झालेला पैसाही पुष्कळदा कामी येत नाही.

सत्तरीतील एका वाड्यावरच्या अभ्यासवर्गाला एका देणगीदार न्यासाकडून संगणक, टेबले आणि खुर्च्या मिळाल्या. प्रस्तावात आम्ही शिकवणाऱ्या मुलीचे मानधनही मागितले होते, परंतु तो ‘प्रशासकीय खर्च’ असल्याचे सांगून ते वगळण्यात आले. ती पदवीधर मुलगी काही महिने जवळजवळ फुकट शिकवत राहिली आणि मग घरची गरज म्हणून औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागली, यात तिला दोष देण्याचा कोणाला अधिकार आहे? तिच्यामागून आलेली माणसे टिकली नाहीत. गोव्यातील पावसाळ्याची दमट हवा बंद खोलीतल्या संगणकांचे काय करते, हे इथल्या कोणालाही सांगण्याची गरज नाही. देणगीदाराच्या अहवालात मात्र हा प्रकल्प यशस्वी म्हणून नोंदलेला असणार, कारण मंजूर झालेल्या सगळ्या वस्तू पोहोचल्या होत्या आणि पैसे ठरल्या कामी लागल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर गेले होते.

मानधन नाकारताना बहुतेक वेळा कायद्याकडे बोट दाखवले जाते, म्हणून कायदा काय म्हणतो ते नीट पाहिले पाहिजे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते; यालाच सीएसआर म्हणतात. या खर्चातील प्रशासकीय भाग 5 टक्क्यांच्या पुढे जाता कामा नये, असा नियम आहे आणि हाच नियम आमच्यासारख्यांना ऐकवला जातो. परंतु ती मर्यादा कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण व्यवस्थापनावर केलेल्या खर्चासाठी आहे. विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च तिच्यातून वगळलेला असल्याचे 2021 च्या सुधारित नियमांतील व्याख्येतच लिहिले आहे. अभ्यासवर्गात शिकवणारी शिक्षिका म्हणजे अभ्यासवर्गाची अंमलबजावणीच होय. तिचे मानधन नाकारणे हा देणगीदाराचा स्वतःचा निर्णय असतो, कायद्याने त्याच्यावर लादलेला नसतो.

एका वर्षापुरते अनुदान देण्याच्या प्रथेचेही तसेच आहे. चालू प्रकल्प म्हणून मंजूर झालेले काम, ते सुरू झाले ते आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालवण्याची मुभा कायद्यातच आहे आणि त्या वर्षात न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढे वापरता येते. तरीही प्रत्यक्षात फेब्रुवारीत फोन येतो, आठ दिवसांत प्रस्ताव हवा असतो आणि 31 मार्चपूर्वी बिले हवी असतात. आठ दिवसांत आणि बिलांच्या स्वरूपात जे मिळू शकते ते म्हणजे वस्तू. माणसाचे काम असे मार्चमध्ये विकत घेऊन ठेवता येत नाही. आपल्याकडील खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या, बांधांचे काम तर ऋतूशी बांधलेले आहे. त्यासाठीचा पैसा जूनमध्ये हातात पडला, तर तोपर्यंत भरतीच्या पाण्याने आणि पावसाने आपले काम केलेले असते.

मूल्यमापनाविषयी थोडेच सांगते. कायद्याने परिणामांचे स्वतंत्र मूल्यमापन बंधनकारक आहे ते सरासरी 10 कोटी रुपये वा त्याहून अधिक सीएसआर खर्च करावा लागणाऱ्या कंपन्यांना आणि तेही 1 कोटी वा त्याहून मोठ्या प्रकल्पांसाठी. दोन-तीन लाखांच्या कामासाठी लहान संस्थेकडून दर तिमाहीला लांबलचक इंग्रजी तक्ते भरून घेणे हा केवळ सवयीचा भाग आहे.

सर्वांत अवघड स्थिती नव्या गटांची आहे. सीएसआरचा निधी थेट मिळण्यासाठी कंपनीबाहेरच्या संस्थेकडे 12अ आणि 80ग या नावांनी ओळखली जाणारी प्राप्तिकर सवलतीची नोंदणी, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडचा सीएसआर-1 क्रमांक आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. वाड्यावरच्या बायकांनी नुकत्याच सुरू केलेल्या पाळणाघराकडे यांपैकी काहीच नसते. पूर्वी अशा गटाला एखादी मोठी संस्था आपल्या निधीतून हात देत असे. आता ती वाटही अरुंद झाली आहे. विदेशी देणग्यांच्या कायद्यातील 2020 च्या दुरुस्तीने विदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यास पूर्ण बंदी आली आणि त्याच दुरुस्तीने त्या निधीतील प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. देशी न्यासांना उत्पन्नाच्या 85 टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च करावी लागते. 2023 च्या वित्त कायद्याने एका न्यासाने दुसऱ्याला दिलेल्या देणगीपैकीही 85 टक्केच रक्कम खर्च म्हणून धरली जाऊ लागली, म्हणजे शंभर रुपये दुसऱ्या संस्थेला दिले तर पंच्याऐंशीच मोजले जातात. गैरव्यवहार रोखण्याचा हेतू मी समजू शकते, परंतु या तरतुदींचा भार मोठ्या संस्थेपेक्षा शेवटच्या टोकाच्या गटावर अधिक पडतो.

गोव्यात तरी ही गोष्ट समजणे कठीण जाऊ नये. आपल्या गावकरीच्या, म्हणजे गावाचा कारभार सामाईकपणे चालवण्याच्या व्यवस्थेच्या, चालीरीती 1526 च्या फोराल या पोर्तुगीज सनदेत नोंदल्या गेल्या आणि त्या त्याहूनही जुन्या होत्या. गावाच्या सामाईक उत्पन्नातून बांध, देवळे आणि रस्ते तर सांभाळले जातच, शिवाय गावाची सेवा करणाऱ्यांच्या उदरनिर्वाहासाठी जमिनी लावून दिल्या जात. त्या व्यवस्थेत गावकार कुळांतील पुरुषांपुरते हक्क होते, सेवा जातीने वाटून दिलेली होती आणि तिचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच विचार नाही. पण बांध राखायचा तर बांध राखणाऱ्याच्या पोटाची सोय आधी केली पाहिजे, एवढे त्या लोकांना ठाऊक होते.

चांगले देणगीदार मी पाहिलेले नाहीत असे नाही. सांग्यातील एका संस्थेला मदत करणाऱ्या न्यासाच्या अधिकारी बाई अर्ज मागवण्याच्या आधी स्वतः गावात येऊन बसल्या. त्यांनी आधी संस्थेचा ताळेबंद पाहिला, मग कार्यकर्त्यांशी बोलल्या आणि तीन वर्षांचे अनुदान मंजूर करताना दोन कार्यकर्त्यांचे मानधन, जागेचे भाडे आणि लेखापरीक्षकाची फी असे तिन्ही खर्च त्यांनी आपणहून त्यात घातले. अहवाल मराठीत चालेल, असेही सांगितले. त्या संस्थेचा हिशेब आज मी पाहते त्या सर्व संस्थांत सर्वांत स्वच्छ आहे, कारण हिशेब लिहिणाऱ्या माणसाला त्याचा मोबदला मिळतो. मानधनाला पैसे दिले की उधळपट्टी होते, असे म्हणणाऱ्या विश्वस्तांनी याचा विचार करावा. उधळपट्टीला आळा लेखापरीक्षणाने आणि प्रत्यक्ष भेटींनी बसतो. पगाराचे कलम खोडल्याने खर्च नाहीसा होत नाही, फक्त तो दुसऱ्या कुठल्या तरी नावाखाली लिहिला जातो आणि प्रामाणिक संस्थेला अर्धसत्य लिहिण्याची सवय लागते. मला याचे सर्वांत जास्त वाईट वाटते.

गोव्यातील फाउंडेशन आणि कंपन्यांच्या सीएसआर समित्यांना माझी विनंती आहे की, पुढच्या आर्थिक वर्षासाठी प्रस्ताव ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मागवावेत, अर्ज मराठीत आणि कोकणीत स्वीकारावेत आणि अंदाजपत्रकाच्या नमुन्यात मानधनाचा स्वतंत्र रकाना छापावा. कायद्याने कंपनीला आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगितले आहे हे खरे, पण वेर्णा आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहतींचा आसपास सांगे-काणकोणच्या आतल्या वाड्यांपर्यंत ताणायला गोवा काही फार मोठा नाही. संस्थांनाही सांगणे आहे. मानधन प्रवासखर्चात किंवा किरकोळीत लपवू नका. ते उघडपणे, माणसाच्या कामाच्या तासांसह लिहा आणि नाकारले गेले तर नियमातील व्याख्या जोडून पुन्हा मागा. ज्यांना ते पत्र लिहायला अडचण वाटेल त्यांनी मला संदेश पाठवावा, मसुदा मी तयार करून देईन.