कचरा आला असेल

सिग्नल हिरवा होतो. आपण ॲक्सिलेटर पिळतो. गाडी 'भुक्क' करते, जरा दबते, आणि मागच्या रिक्षावाल्याने आपल्या तीन पिढ्यांचा उद्धार केला की मग एकदम उसळी मारते. याला पिकअप गेला असं म्हणतात. पिकअप गेला की जो भेटेल तो एकच निदान करतो, "कार्बोरेटरमध्ये कचरा आला असेल." (कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजणारा भाग.) सोसायटीचा वॉचमन हेच सांगतो, पानवाला हेच सांगतो, आणि जन्मभर पीएमटीच्या बसने फिरलेले काका तर छातीठोकपणे सांगतात. गल्लीत सायकल चोरीला गेली की पोलीस ज्या ठरावीक पोराला आधी उचलतात, त्या पोराची जागा मोटारसायकलीत कार्बोरेटरला असते. पुष्कळदा बिचारा निर्दोष असतो.

मी बोलतोय ते १९९४ साली आलेल्या हिरो होंडा स्प्लेंडरबद्दल आणि तिच्या जुन्या, कार्बोरेटरवाल्या भावंडांबद्दल. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हा धुराचा नियम आला, नव्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आलं. पण जुन्या स्प्लेंडर अजून दुधाचे कॅन वाहताहेत आणि कात्रजच्या घाटात ट्रिपल सीट चढताहेत. किंवा चढत नाहीयेत, म्हणून तर हा लेख.

पहिलं काम फुकटातलं. ॲक्सिलेटरची मूठ आणि तिची वायर. मूठ पिळताना इंजिनाला जाग येण्याआधी २ ते ६ मिलिमीटर मोकळी फिरायला हवी. त्याहून जास्त ढिली असेल तर तुम्ही पिळताय पण स्लाइड (कार्बोरेटरमधला, हवेची वाट उघडणारा दट्ट्या) पूर्ण उचललीच जात नाही. वायर कोरडी पडली किंवा आतून तिचे पदर तुटायला लागले की मूठ अडकत अडकत फिरते आणि सोडल्यावर सावकाश परत येते. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. वळवल्यावर रेस आपोआप वाढत असेल तर वायर चुकीच्या वाटेने नेलीय. असल्या वायरीपायी कार्बोरेटर उघडायला गाडी सोडून जाणारे महाभाग आहेत. वायर बदलणं त्या मानाने किरकोळ काम.

दुसरं, पेट्रोल येतंय का? टाकीखालच्या कॉकची नळी काढून बाटलीत सोडा आणि कॉक उघडा. धार सलग हवी. सुरुवातीला जोरात येऊन मग बारीक होत असेल तर टाकीचं झाकण उघडा. झाकण उघडताच धार सुधारली तर झाकणाच्या हवेच्या भोकात धूळ बसली आहे. टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरायला नकार देतं. हे करताना विडी पेटवून मार्गदर्शन करायला आलेल्यांना नम्रपणे, पण ताबडतोब लांब न्यावं.

आता निदानाचा राजा, चोक, म्हणजे हवा अडवून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका. इंजिन चांगलं गरम झाल्यावर चोक अर्धा ओढा आणि रेस द्या. गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे जेट (पेट्रोल जायचं बारीक भोक असलेला पितळी तुकडा) तुंबलाय किंवा कुठून तरी जादा हवा घुसतेय. आणखी बिघडली, काळा धूर सोडून गुदमरली, तर पेट्रोल जास्त होतंय. मग एअर फिल्टर बघा, फ्लोट (कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल बेतात ठेवणारा तरंगता भाग) बघा, चोक पूर्ण परत जातो का ते बघा. स्पार्क प्लग काढला की तोही साक्ष देतो. टोक चहाच्या रंगाचं असेल तर ठीक, काजळी धरलेलं असेल तर पेट्रोल जास्त, पांढरंफटक असेल तर कमी. प्लग हातात आहेच तर त्याची फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) ०.६ ते ०.७ मिलिमीटर करून घ्या.

एअर फिल्टरबद्दल लोकांच्या समजुती अजब. फोमचा असेल तर रॉकेलमध्ये धुवा, दाबून पिळा (मुरगळू नका, फाटतो), सावलीत वाळवा, चार थेंब इंजिन ऑइल लावून जादाचं दाबून काढा. कागदाचा असेल तर धुवायचा नाही, आतून बाहेर हवा मारायची, नाहीतर बदलायचा. आणि फिल्टरच काढून टाकून "आता बघा कशी पळते" म्हणणारा कारागीर भेटला तर नमस्कार करून निघा. ती पळते, आणि धूळ खात खात पिस्टन रिंगांचा निकाल लावते.

जादा हवा घुसते ती बहुतेक वेळा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या जोडातून. इंजिन स्लोवर (मूठ सोडून, नुसतं चालू) ठेवून तिथे स्प्रेच्या बाटलीने थोडं पाणी मारा. आवाज अडखळला तर चोर सापडला. तिथली ओ-रिंग चपटी झालेली असते, किंवा कुणीतरी बोल्ट दात-ओठ खाऊन आवळल्यामुळे कार्बोरेटरची फ्लँज (इंजिनाला टेकणारी सपाट कड) वाकलेली असते. सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून फ्लँज घासली की ती सरळ होते. नवी ओ-रिंग, बेताचं आवळणं, काम संपलं.

एवढं सगळं करून झालं तरच कार्बोरेटर. खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू ढिला करून पेट्रोल काचेच्या ग्लासात घ्या. तळाशी गोल गोल थेंब इकडून तिकडे पळताना दिसले तर ते पाणी. पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा धरतं आणि जुन्या रबरी नळ्यांना आतून भुगा करतं. वीस टक्के इथेनॉलच्या जमान्यात नळी बदलणं हा खर्च नव्हे, नवससायास टाळणं आहे.

कुठला जेट तुंबलाय ते मुठीवरूनच कळतं. नुसती मूठ हलवताच दबत असेल तर स्लो जेट. मधल्या भागात अडखळत असेल तर स्लाइडची निडल, म्हणजे तिला लटकणारी सुई. पूर्ण पिळल्यावर दम टाकत असेल तर मेन जेट. स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं, उजेडापुढे धरलं तर सुईच्या टोकाएवढा गोल चांदणीसारखा चमकायला हवा. त्यात सेफ्टी पिन खुपसणाऱ्यांचे हात जरा वेळ बांधून ठेवावेत. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल पिते ती कायमचीच. क्लीनर मारा, हवा मारा, फार तर तांब्याच्या वायरीची एक तार फिरवा. स्लाइड परत बसवताना तिची खाच पिनेत बसली पाहिजे आणि कापलेली बाजू एअर फिल्टरकडे हवी. उलटी बसली तर किक मारताच इंजिन आकाशाला भिडतं.

मग कार्बोरेटरवरचा हवेचा स्क्रू. अलगद पूर्ण आत बसवा, जोर लावलात तर टोक तुटून आतच राहतं. तिथून दीड ते दोन फेऱ्या बाहेर, आणि गरम इंजिनवर पाव पाव फेरी इकडेतिकडे करून आवाज सर्वांत भरदार होईल तिथे थांबा. शेवटी स्लो मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या (आरपीएम) आसपास आणा. स्प्लेंडरला आरपीएमचा काटा नाही, तेव्हा १४०० म्हणजे शेजारच्या दोघांचे कान आणि तिघांची मतं.

तरीही उचलत नाही? डबल स्टँडवर मागचं चाक हाताने फिरवा. ब्रेक घासत असेल तर तुमचा पिकअप लायनर खातोय. मग वरच्या गियरला ४०च्या वेगात एकदम रेस द्या. आवाज चढतो आणि वेगाचा काटा जागचा हलत नाही, तर क्लच घसरतोय. आधी क्लचच्या लिव्हरला १० ते २० मिलिमीटर ढील आहे ना ते बघा, नसेल तर वायर सैल करा. ढील असूनही घसरला तर क्लच प्लेटा बदला. सोबत कव्हरचं गॅस्केटही नवं घ्या, आणि जुनंच गोंद लावून परत चिकटवण्याचा बेत दिसला तर गाडीजवळून हलू नका.