खुलासा: सॉकेटमध्ये ‘अँपिअर’ मोजू नका

‘मल्टिमीटर 10 अँपिअरवर ठेवा, दोन्ही प्रोब सॉकेटमध्ये घाला, घरात किती करंट येतो ते कळेल’ असा मेसेज सध्या फिरतोय. (मल्टिमीटर म्हणजे व्होल्टेज, करंट मोजायचं हातातलं यंत्र; प्रोब म्हणजे त्याला जोडायच्या टोकदार वायरी.) कृपया हे करू नका.

सॉकेटमध्ये ठरावीक असा करंट नसतोच. असतो तो दाब, म्हणजे व्होल्टेज, आपल्याकडे साधारण 230. करंट किती वाहणार हे जोडलेल्या वस्तूवर ठरतं. 1000 वॅटची इस्त्री सुमारे 4.3 अँपिअर घेते. काहीच जोडलं नाही तर शून्य.

अँपिअरवर ठेवलेल्या मीटरचा स्वतःचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, जवळजवळ नसतो. असा मीटर फेज-न्यूट्रलमध्ये, म्हणजे सॉकेटमधल्या वीज येण्याच्या आणि परत जाण्याच्या भोकांमध्ये, घालणं म्हणजे तिथे तारेचा तुकडा घालणं. थेट शॉर्ट. स्वस्त मीटरच्या 10 अँपिअरच्या भोकाखाली बारीक अक्षरात ‘अनफ्यूज्ड’ लिहिलेलं असतं, तेवढं वाचा. आत फ्यूजच नाही. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या अशा एका मीटरची आतली तांब्याची पट्टी वितळली होती आणि प्रोबचं टोक काळं पडलं होतं. हात थोडक्यात वाचला.

व्होल्टेज बघायचं असेल तर लाल प्रोब मीटरवरच्या ‘व्ही’च्या भोकात, नॉब एसी 600 किंवा 750 वर. करंटसाठी क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमट्यासारखा अडकवायचा मीटर) वापरा, पण त्यात एकच वायर घ्या. दोन्ही घेतल्या तर परस्परांचा परिणाम खोडला जातो आणि शून्य दिसतं.

तो मेसेज पुढे पाठवला असेल तर काढून टाका आणि त्याच ग्रुपवर हे टाका.