आटोपशीर करा, पण विस्तार हवा

निबंध लिहिणं मला जमतं, म्हणजे एकदा बसलं की होतो कसातरी. खरी पंचाईत होते ती "छान आहे, आता जरा रिवाईज करून आणा" हे ऐकल्यावर. कारण रिवाईज करायचं म्हणजे नक्की काय करायचं ते कुणीच सांगत नाही, सगळे धरूनच चालतात की ते तुम्हाला उपजत येतं.

मग मी आपली माझ्या पद्धतीनं सुरू होते. पहिल्या परिच्छेदातला 'परंतु' काढून 'मात्र' टाकते. वाचून बघते, बरं वाटतं. पण दुसऱ्या परिच्छेदात 'मात्र' आधीच बसलेला असतो, म्हणून तिथं 'तरीही', मग तिसऱ्यातला 'तरीही' खटकायला लागतो म्हणून तिथं 'परंतु'. एवढं होईपर्यंत संध्याकाळ होते, तिघं शब्द जागा बदलून सुखानं नांदायला लागतात, निबंध होता तिथंच असतो आणि मला मात्र इतकं काम केल्यासारखं वाटतं की आता जरा आडवं व्हायला हरकत नाही. लाइन स्पेसिंग बदलणं हेही मी रिवाईजमध्येच धरते.

आता गंमत अशी की लिहायचं टाळायला मी जे वाचत बसले त्यात नेमकं माझंच वर्णन निघालं. नॅन्सी सॉमर्स नावाच्या अमेरिकन बाईंनी 1980 साली एक अभ्यास छापला होता. 20 विद्यार्थी आणि 20 अनुभवी लिहिणारे घेतले, त्यांच्याकडून निबंध परत परत लिहून घेतले आणि कोण काय बदलतं ते बघितलं. विद्यार्थी शब्द बदलत होते. तोच शब्द पुन्हा आला की त्यांना कसंतरी व्हायचं, पण तोच मुद्दा पुन्हा आला तर पत्ता नाही! अनुभवी लोक आधी आपल्याला म्हणायचंय काय तेच शोधायचे, वाचणाऱ्याला ते पटेल का बघायचे, शब्दांचं नंतर. वाचून मला राग आला. म्हणजे बाई बरोबरच होत्या, पण इतकं बरोबर असायची गरज नव्हती.

त्याच बाईंनी 1982 मध्ये मग शिक्षकांच्या शेऱ्यांकडे मोर्चा वळवला आणि तिथं मला त्या एकदम आपल्या वाटल्या. शिक्षक एकाच परिच्छेदावर 'हे कमी करा' आणि 'हे वाढवा' असं दोन्ही लिहितात हे त्यांनी पुराव्यासकट दाखवलंय. माझ्या निबंधावरही मॅडमनी डावीकडे 'आटोपशीर करा' लिहिलंय आणि त्याच परिच्छेदाच्या खाली 'विस्तार हवा'. मी विचारायला गेले तर मॅडम दोन्ही शेरे वाचून क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "बघ ना, दोन्ही बरोबरच आहे." आणि खरं सांगू का, होतं बरोबर. विशेषणं आटोपशीर करायची होती आणि पुरावा वाढवायचा होता, पण एवढं समासात कुठं मावणार.

मॅडमनीच मग उलटी आउटलाइन काढायला सांगितली. निबंध लिहून झाल्यावर प्रत्येक परिच्छेदासमोर एका ओळीत लिहायचं की हा काय सांगतोय, आणि मग नुसत्या त्या ओळी वाचायच्या. ऐकायला किती निरुपद्रवी वाटतं. दुसऱ्यासमोर लिहिलं, चौथ्यासमोर लिहिलं, सहाव्याला पोचले तर हात आपोआप तीच ओळ लिहायला लागला. आणि पाचव्यासमोर काहीच लिहिता येईना. पाचवा माझा सगळ्यात लाडका, त्यात एक वाक्य असं होतं की मी ते मैत्रिणीला फोन करून ऐकवलं होतं, पण तो सांगतोय काय म्हणाल तर काही नाही, नुसताच छान दिसत उभा!

होरेस नावाचा रोमन कवी सांगून गेलाय की लिहिलेलं नवव्या वर्षापर्यंत दाबून ठेवावं, मग लोकांपुढे आणावं. त्याला बहुतेक पोर्टल रात्री 11:59 ला बंद होत नसावं. मी जास्तीत जास्त एक झोप काढू शकते, आणि खोटं कशाला बोलू, तेवढ्यानंही फरक पडतो, सकाळी निबंध दुसऱ्या कुणीतरी लिहिल्यासारखा वाटतो आणि दुसऱ्याच्या चुका काढायला तर कुणालाच कष्ट पडत नाहीत. मोठ्यानं वाचलं तर अजूनच कळतं, ज्या वाक्यात मधेच श्वास घ्यावा लागतो ते तोडायचं. माझी बरीच तुटली.

तर शेवटी पाचवा परिच्छेद काढला. डिलीट करवेना म्हणून 'कापलेलं' नावाची वेगळी फाइल केली, पुढंमागं कुठंतरी वापरता येईल म्हणून. त्याच्या मागोमाग सहावा गेला, प्रस्तावनेतली मानवाच्या आदिम काळापासूनची सुरुवात गेली, दोन सुविचार गेले, आणि बघता बघता ती फाइल निबंधापेक्षा मोठी झाली. मैत्रिणीला दोन्ही पाठवल्या. तिचा रात्री मेसेज आला की निबंध आता मुद्देसूद झालाय, पण 'कापलेलं' वाचायला जास्त मजा आली, तीच देऊन टाक ना.

11:40 झाले होते. मी पंधरा मिनिटं खरंच विचार केला.