खुनी कोण, हे आवाजाला ठाऊक असते

रहस्यकथा वाचणे आणि रहस्यकथा ऐकणे यांत मोठा फरक असा की, वाचताना खुनी कोण हे फक्त लेखकाला माहीत असते. ऐकताना मात्र लेखकाच्या आणि आपल्या मध्ये आणखी एक माणूस येऊन बसतो, आणि त्याने अख्खी कादंबरी आधीच वाचलेली असते. ऑडिओबुकच्या जगात या गृहस्थांना निवेदक म्हणतात. त्यांच्याविषयी मला आदरच आहे, कारण आठ-दहा तास न खाकरता बोलत राहणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. परंतु माणूस कितीही कसलेला असला तरी पोटातले ओठावर यायचे काही थांबत नाही, आणि स्वयंपाक करता करता थरारकथा ऐकणाऱ्या माझ्यासारख्या बाईच्या छळाला नेमकी येथूनच सुरुवात होते.

समजा, एका बंगल्यात शेठजींचा खून झाला आहे. निवेदक माळ्याला घोगरा आवाज देतो, विधवा बहिणीला कापरा देतो, उधळ्या पुतण्याला खर्जातला देतो आणि इन्स्पेक्टर तर सबंध कथाभर नाकातूनच बोलतात. येथपर्यंत सारे रीतसर चाललेले असते. मग शेठजींचे मृत्युपत्र घेऊन त्यांचे वकील येतात, जेमतेम दोन वाक्ये बोलतात आणि निघून जातात. छापील पुस्तकात या वकिलांकडे मी ढुंकूनही पाहिले नसते. पण निवेदकाने या दोन वाक्यांसाठी असा काही रेशमी, दाणेदार, तब्येतीत लावलेला आवाज काढलेला असतो की माझ्या हातातले लाटणे जागीच थांबते. दोन वाक्यांच्या पाहुण्यासाठी कोणी एवढा घसा तासत नाही! हा मनुष्य शेवटच्या प्रकरणात परत येणार आणि बराच वेळ बोलणार, हे त्या क्षणी मला कळून चुकते. काही धूर्त निवेदक याच्या उलट करतात आणि वकिलांची वाक्ये मुद्दाम सपाट वाचतात. ती इतकी सपाट असतात की संशय अधिकच बळावतो. परिणामी मी आता खुनाचा तपास करायचे सोडून दिले आहे. मी निवेदकाचाच तपास करते.

सर्वांत बिकट प्रसंग असतो तो निनावी फोनचा. ‘पलीकडून एक अनोळखी आवाज म्हणाला’ एवढे लिहून लेखक मोकळा होतो, पण निवेदकाला तो आवाज खरोखरच काढावा लागतो, आणि देवाने त्याला गळा एकच दिलेला असतो. वकिलांचा आवाज वापरला तर कादंबरी तिसऱ्या प्रकरणातच आटोपते, आणि अगदीच परका आवाज काढला तर शेवटी श्रोत्यांची फसवणूक केल्याचे पाप लागते. तेव्हा बहुतेक जण कुजबुजण्याचा मध्यममार्ग स्वीकारतात. ती कुजबुज मिक्सरच्या आवाजात ऐकू यावी म्हणून मी फोनचा आवाज पूर्ण वाढवते, आणि त्याच वेळी मिक्सर थांबून कथेतील विधवा बहीण जिवाच्या आकांताने किंचाळते. समोरच्या बिऱ्हाडातील काकू हल्ली माझ्याशी जरा जपूनच बोलतात, त्याचे कारण हेच असावे.

हुकलेला धागा पुन्हा ऐकावा म्हटले, तर कणकेच्या बोटाने स्पर्श केलेला पडदा काही सेकंद मागे जाण्याऐवजी थेट पुढच्या प्रकरणात उडी मारतो. वाचनालयातून आणलेल्या जुन्या रहस्यकथांत निदान मागचे पान उलटून पाहता येत असे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्या हातोहात फिरल्या; त्यांपैकी एखाद्या प्रतीच्या समासात ‘हाच तो’ असे पेन्सिलीने लिहून ठेवणारे पुण्यात्मे तेव्हाही होतेच, नाही असे नाही. पण ते उघडउघड दुष्ट होते. निवेदक बिचारा जे करतो ते नकळत करतो.

ब्रिटनमध्ये १९३५ साली अंधांसाठी ग्रामोफोनच्या तबकड्यांवर बोलकी पुस्तके निघाली, तेव्हा पहिल्याच पुस्तकांत अगाथा ख्रिस्ती यांची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ ही १९२६ मधील कादंबरी होती. तबकडीची एक बाजू सुमारे २५ मिनिटांत संपे आणि एका कादंबरीला दहाएक तबकड्या लागत, म्हणजे ऐन रंगात आलेला संशय तसाच हवेत ठेवून तबकडी उलटावी लागे. तो त्रास माझ्या कणकेच्या हातांना सहज समजू शकतो. मला नवल वाटते ते निवडीचे. मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी जगातल्या साऱ्या रहस्यकथांतून नेमकी हीच निवडावी, याला छाती लागते! ज्यांनी ती वाचली आहे ते आता गालातल्या गालात हसत असतील. ज्यांनी वाचलेली नाही त्यांना कारण सांगणे माझ्या संस्कारांत बसत नाही.

आमच्या घरी हे संस्कार पाळण्याची सोय मात्र नाही. सासूबाई मटार सोलायला बसतात, कथा कोठून कोठे आली आहे याची चौकशीही करीत नाहीत, आणि वकिलांचे पहिलेच वाक्य ऐकून म्हणतात, “फार गोड बोलतो गं हा. फी ठरायच्या आधी वकील इतकं गोड बोलतो होय?” पुढचे सहा तास मी केवळ त्यांचे म्हणणे खोटे ठरावे या आशेवर ऐकते, आणि ते खोटे ठरत नाही.

अलीकडे काही पुस्तके यंत्राच्या आवाजात मिळू लागली आहेत. मला वाटले, सुटले एकदाची. यंत्राच्या पोटात काही नाही, तेव्हा ओठावर यायचा प्रश्नच नाही. ते चहा आल्याचे आणि प्रेत सापडल्याचे एकाच स्वरात सांगत होते, माळी आणि विधवा बहीण यांच्यात तसूभर फरक करत नव्हते, आणि मला प्रथमच खुनी कोण याचा मागमूस लागेना. सासूबाईंनी मात्र मटाराची शेंग हातात तशीच धरून थोडा वेळ ऐकले.

“एवढं रक्त सांडलं, तरी ह्या मेल्याचा आवाज हलत नाही,” त्या म्हणाल्या. “बाकीच्यांना सोड. आधी ह्यालाच पकडायला सांग.”