चिखलातली बीएसए आणि साताऱ्यातली राजदूत

गेल्या रविवारी बर्मिंगहॅमबाहेरच्या एका शेतात जुन्या मोटारसायकलींची स्क्रॅम्बल्स, म्हणजे चिखल-मातीतली शर्यत पाहिली. ओळखीचे एक निवृत्त टर्नर (लेथवर काम करणारे कारागीर) त्यांची बीएसए या जुन्या ब्रिटिश कंपनीची व्हिक्टर घेऊन उतरले होते. एक सिलिंडर, ४४१ सीसी, ऑइलसाठी वेगळी टाकी नाही, ते फ्रेमच्या नळीतच. याच वंशाच्या गाडीवर जेफ स्मिथने १९६४ आणि १९६५ साली ५०० सीसी गटाचं मोटोक्रॉस विश्वविजेतेपद मिळवलं. बर्मिंगहॅममधल्या स्मॉल हीथचा बीएसएचा कारखाना सत्तरच्या दशकातच बंद पडला.

चार वर्षं खपून उभी केलेली गाडी पहिल्याच वळणावर हँडलपर्यंत चिखलात गेली, तेव्हा माझ्या पोटात कालवलं. शर्यत संपल्यावर मात्र त्यांच्या दोन नातवंडांनी ती धुतली, चेन काढली आणि फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घेऊन टॅपेट (इंजिनच्या झडपांची फट) सेट करायला बसली. हात असे तयार होतात.

त्याच रात्री साताऱ्याहून दादाचा फोन आला. बाबांची १९८४ची राजदूत मोटारसायकल भंगारात द्यायची म्हणतोय, कारण नोंदणी संपलीय आणि जुन्या गाड्यांविषयी रोज नवं काहीतरी ऐकू येतं. आपल्याकडे १५ वर्षांनी नोंदणी संपते. व्हिंटेज म्हणून नोंद मिळायला ५० वर्षं लागतात, तीही मूळ रूपात असेल तरच. २०२१च्या त्या नियमानुसार अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. म्हणजे बाबांच्या गाडीला २०३४पर्यंत थांबावं लागणार. ब्रिटनमध्ये ४० वर्षं झाली आणि मोठे बदल केलेले नसले, की रस्ता कर माफ आणि वार्षिक तपासणीही सक्तीची नाही. गाडी सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची.

दादा म्हणतो, राजदूतसारख्या टू-स्ट्रोक इंजिनांचा (पेट्रोलबरोबर ऑइलही जाळणाऱ्या) धूर आपल्या शहरांना परवडत नाही. ते खरं आहे, आणि रोज ऑफिसला राजदूत न्यावी असं मी म्हणत नाही. पण महिन्यातून एखाद्या रविवारी काढलेल्या गाडीने हवा बिघडत नाही. ५०ची अट ४०वर आणावी आणि नुसतं वय मोजण्याऐवजी गाडीची अवस्थाही तपासावी, असं मला मनापासून वाटतं. नाहीतर मधल्या पस्तीस वर्षांत चांगल्या गाड्या भंगारात जातील आणि त्यांना हात लावू जाणणारे मिस्त्रीही उरणार नाहीत.

दादाला सांगितलंय, दिवाळीला येतोय, तोवर देऊ नकोस. टाकीतलं जुनं पेट्रोल तेवढं काढून ठेव.